जुव्यावरचं जर्मन

अरे, गोवा सुटायच्या आधीची गोष्ट. मुलगी बघायला बाबांबरोबर खाडीतल्या जुव्यावर, म्हणजे बेटावर गेलो होतो. मी नुकताच जर्मन शिकलेला. मुलीच्या वडलांना सांगत सुटलो, "इंग्रजी आयलंडच्या स्पेलिंगमध्ये पूर्वी एस नव्हताच, मागाहून चुकून घुसवला. जर्मन आयलांटमध्ये तो अजून नाही."

बाबा म्हणाले, "चल रे, सुकती लागली, होडी रुतात."

मी बोलतोच आहे. ओहोटीनं पाणी उतरलं, होडी चिखलात बसली ती बसलीच. लग्न ठरण्याआधी मुलीकडे जेवायचं नसतं, आणि आम्ही त्यांच्याच पडवीत पेजेला बसलो! बाबांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात दाराआडून मुलीचा आवाज आला, "आये, भरती येवक येळ आसा. तेंका इचार, जर्मन अजून उरला हा काय?"