सावित्रीआत्तेचं प्रमेय

छे हो, कसला अभ्यास आणि कसलं काय! तुम्हाला सांगतो, त्र्याण्णव साल, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, गणित तोंडावर आलेलं, वर्षभर मी पुस्तकाला हात लावलेला नाही, आणि आमचे अप्पा म्हणतात, "मोहन, आत्तेबरोबर बस, दोघांचीही उजळणी होईल." आत्तेबरोबर! म्हणजे अप्पांची थोरली बहीण, सावित्रीआत्ते, केस पिकायला लागलेली बाई, माझ्याच परीक्षेला! बाकीचे विषय तिनं कधीच काढलेले, गणित तेवढं दर वर्षी घात करायचं. त्यात ती ऑफिसात अटेंडर, आणि साहेबांनी तिला बजावलेलं, "यंदा पास झालात तर क्लार्क, नाहीतर अटेंडरच राहा, फायली उचला!" दुसरी कोणी रडत बसली असती... पण सावित्रीआत्ते म्हणजे चेष्टा आहे काय!

प्रमेयं डोक्यात राहीनात, तर बाईनं काय करावं? भजनाची चाल लावली! आमच्या जयनगरच्या भजनी मंडळात, अहो खरंच सांगतो, वासंतीमामी पेटीवर, बाकीच्या टाळ घेऊन, आणि आत्ते पुढे, "त्रिज्या त्रिज्या सारख्या, बाजू एक सामाईक..." की मागून सगळ्या, "काटकोन होऽऽ काटकोन!" दूधवाला मल्लाप्पा दारात हात जोडून उभा! मी म्हटलं, "आत्ते, अगं वर्गातली पोरं ऐकतात!" तर म्हणते, "मग बोलाव की त्यांनाही, टाळ आहेत जास्तीचे!" बोला आता! भाकरी थापताना वर्तुळ, कपडे वाळत घालताना स्पर्शिका, माझ्या कानाला दुसरं काही नाहीच.

परीक्षेला तिचा नंबर नेमका माझ्या पुढच्या बाकावर. पेपर असला भयंकर की हुशार पोरंसुद्धा पंख्याकडे बघत बसलेली! स्पर्शिकेचं प्रमेय आलं आणि आत्ते अडली. मान खाली, पेन थांबलेलं. बाईचं सगळं त्या पेपरावर हो! तेवढ्यात बाकावर बोटं वाजायला लागली, आणि आत्तेनं चक्क सूर लावला! शिवाप्पा मास्तर धावत आले, "अम्मा! इथे गायचं नाही!"

"सार, चाल लागल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. काय करू?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सरी, ठीक आहे, मनात म्हणा. स्वल्प, जरा लवकर."

मनात तर मनात! ओठ घट्ट मिटलेले, मान डोलतेय, पेन धावतंय... मागून बघता बघता डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सावित्रीआत्ते म्हणजे चेष्टा आहे काय! आणि खरं सांगू? त्या डोलणाऱ्या मानेकडे बघून माझ्याही हातून ते प्रमेय उतरलं. तेवढंच काय ते धड आलं.

निकाल लागला, आत्ते पास! क्लार्क झाली, अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. मीही पास, पण असा काठावर की दिवसाचं एकही कॉलेज मला दारात उभं करेना. शेवटी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. म्हटलं, ठीक आहे, निदान तिथे तरी कुणी ओळखीचं नसेल... पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकतो, तर ऑफिसातून थेट आलेली, पहिल्या बाकावर डबा उघडून बसलेली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी हाक, "ये रे मोहन, तुझी जागा धरून ठेवलीय!"

काय करता... बसलो मुकाट्यानं.