घरच्यांची कडी

शामा : पुन्हा तोच हौद, वन्सं! मघाशी इथेच पाणी भरणाऱ्या बाया होत्या.

बतूल : फेस शहराच्या गल्ल्या या, वहिनी. इथे जन्मलेलीसुद्धा चुकते. घ्या, घोटभर पाणी प्या आणि घरी चला.

शामा : आज माझा उपास आहे.

बतूल : उपासाच्या दिवशी असल्या भानगडी? भट्टीवाला काहीतरी बरळला...

शामा : बरळला नाही. आपल्या आळीची पाव भाजायची भट्टी बंद, म्हणून इकडे रंगाऱ्यांच्या आळीत कणकेची परात आणली. तुमच्या भावाचं नाव सांगितलं, तर म्हणतो, 'अल्लालच्या घरचे पाव मघाशीच गेले की!' वन्सं, माझी परात तर माझ्या डोक्यावर होती.

बतूल : अल्लाल काय एकच आहे का गावात?

शामा : केशराचा व्यापारी, डाव्या पायाने लंगडणारा, एकच. भिंतीला लागा, खेचर येतंय!

बतूल : मेल्याने पाय चिरडला असता माझा! चला उजवीकडे.

शामा : भट्टीवाल्याने डावीकडे सांगितलंय. बोळातून.

बतूल : बरं बाई. वाका, वाका, पुढे तुळई आहे.

शामा : एवढ्या अंधारात बरी दिसली तुम्हाला.

बतूल : डोळे दिलेत देवाने.

शामा : रागावू नका. माहेरी माझं कोणी उरलं नाही. तुम्हीसुद्धा नसतात तर मी भिंतीशी बोलले असते.

बतूल : वेडी कुठली.

शामा : हेच ते. हिरवं दार, वर पितळी पंजा, खाली दोन कड्या. वन्सं, खरं सांगा, तुम्हाला यातलं काही ठाऊक होतं?

बतूल : मौलाय इद्रीसच्या दर्ग्याची शपथ! या दारात कधी पाऊल टाकलं असेल तर!

शामा : मग वाजवा. तुम्हीच.

(बतूल छोटी कडी वाजवते. आतून बाईचा हसरा आवाज येतो : "ढकला, उघडंच आहे!")

बतूल : चला ना आत. अशा काय बघता?

शामा : आपल्या दाराला दोन कड्या कशासाठी असतात, वन्सं?

बतूल : हे काय आता मध्येच? मोठी परक्यांची, छोटी घरच्यांची... वहिनी, मी... चुकून हात गेला हो...

शामा : हात सवयीने जातो. त्याला शपथ माहीत नसते.

बतूल : वहिनी, ऐका तरी...

शामा : सरका जरा. मोठी कडी मला वाजवू द्या.