गाऊनची उंची

(हॉटेलची खोली, दुपारचे तीन. थोरली, सिनेमातली अभिनेत्री, गडद हिरवा गाऊन घालून स्टुलावर उभी. शिंपी मास्तर तिच्या पायाशी, हातात खडू. धाकटी फोन घेऊन खिडकीपाशी.)

थोरली : कापड लोंबलं असेल, मास्तर. उरेब, तिरकं कापलेलं आहे म्हणून तुम्हीच तर दोन दिवस टांगून ठेवलं होतं.

मास्तर : लोंबलंय ना. पण उरेब कापड लोंबतं ते सगळीकडून लोंबतं, बाई. उजव्या बाजूलाच बोटभर खाली यायला त्याला कुणी सांगितलं?

धाकटी : मग मापात चुकलं असेल. साडेपाचला गाडी येतेय, सातला ताई रेड कार्पेटवर पाहिजे. उजवीकडून जरा जास्त कापा आणि मोकळे व्हा ना.

मास्तर : जास्त कापलं आणि बाई तिथं सरळ उभ्या राहिल्या, तर एकीकडे घोटा उघडा पडेल. मग लोक विचारतील, शिवला कोणी.

थोरली : म्हणजे तुमच्या नावासाठी मी तासभर या स्टुलावर?

मास्तर : वीस वर्षं शिवतोय तुमचं. तुमचा डावा खांदा एक सूत वर आहे, हे तुमच्या आईलाही माहीत नसेल. गेल्या महिन्यात माप घेतलं तेव्हा कंबर सरळ होती. आज तुम्ही उजवा गुडघा वाकवून उभ्या आहात. पायघोळ कपड्यात दिसत नाही, म्हणून मला कळत नाही असं नाही.

धाकटी : पाय मुरगळलाय तिचा. तालमीत पडली होती. आता बरा आहे.

मास्तर : मुरगळलेला पाय असा नाही धरत कोणी.

धाकटी : तुम्ही शिंपी आहात की हाडवैद्य?

मास्तर : शिंपीच. म्हणून तर कापायच्या आधी विचारतोय.

थोरली : त्यांच्यावर कशाला डाफरतेस? मास्तर, या उंच टाचा काढल्या तर मी सरळ उभी राहू शकेन. निदान बऱ्यापैकी.

धाकटी : ताई, काहीतरीच काय? दिग्दर्शक मुद्दाम येतोय आज. काय म्हणाला होता आठवतंय ना? फोटोत सगळेच चांगले दिसतात, मला तिला चालताना बघायचंय. सोमवारी सही आहे. आणि तू सपाट चपलांत जाणार?

मास्तर : कसली सही?

थोरली : नवा सिनेमा, मास्तर. पोलीस अधिकारी. पहिल्यापासून शेवटपर्यंत धावते, भिंतींवरून उड्या मारते. गेली तीन वर्षं माझ्याकडे काय आलं माहितीये? आई. पहिल्या वीस मिनिटांत मरणारी आई. परवा एकाने तर माझ्याच वयाच्या माणसाची आई व्हायला सांगितलं, आणि वर म्हणाला, केस पांढरे करायचा खर्च आम्ही करू.

धाकटी : म्हणूनच म्हणतेय. चार वाजता डॉक्टर येऊन इंजेक्शन देतील, मग रात्री दहापर्यंत काही दुखणार नाही. त्यांनीच सांगितलंय.

थोरली : या इंजेक्शनवाल्यांनी सांगितलंय. आपल्या डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं.

धाकटी : कधी?

थोरली : मंगळवारी. मी एकटीच गेले होते.

मास्तर : का नाही म्हणाले?

थोरली : गुडघ्यातलं लिगामेंट अर्धं फाटलंय. इंजेक्शन घेतलं की दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस पाय कसाही टाकतो, आणि उरलेलं अर्धंही जातं. ऑपरेशन करा म्हणाले. मग चार महिने आराम.

धाकटी : आणि हे मला कधी सांगणार होतीस?

थोरली : सोमवारी. सही झाल्यावर.

धाकटी : आठवडाभर मी सगळ्यांना सांगत फिरतेय, मुरगळलाय, किरकोळ आहे. मूर्खासारखी. त्या दिग्दर्शकालासुद्धा.

थोरली : तुला ते खरं वाटत होतं, म्हणून तर त्याला पटलं.

धाकटी : शाबास. म्हणजे बहीण नाही, मी तुझी जाहिरात.

मास्तर : तुमचं नंतर भांडा. मला एवढंच सांगा, उंच टाच की सपाट? उंच धरली तर खडू इथे. सपाट धरली तर चार इंच वर.

धाकटी : आत्ता दुमडून टाके घाला. काय करायचं ते तिथं जाऊन ठरवू.

मास्तर : या कापडात दुमड लपत नाही. फ्लॅश पडला की आतली पट्टी दिसते. कापावंच लागेल, आणि एकदा कापलं की दुसरी चप्पल चालणार नाही.

थोरली : मला भीती वाटते, मास्तर. पायाची नाही. हे काम गेलं, तर यानंतर मला कोणी विचारणार नाही, याची.

मास्तर : विचारतील की नाही, ते मी कसं सांगू? मला कापडातलं कळतं.

थोरली : धीर तरी द्यायचा थोडा.

मास्तर : खोटा देऊन काय करू? अकरा पायऱ्या आहेत तिथं. मी मोजून आलोय, घेर अडकतो का बघायला.

धाकटी : सपाट घाल, ताई.

थोरली : हे तू म्हणतेस? महिनाभर त्याच्या ऑफिसात खेटे घातलेस तू.

धाकटी : घातले. पण पहिल्याच दिवशी त्या भिंतीवरून उडी आहे. तिथं सगळ्या युनिटसमोर कोसळलीस तर? सिनेमा जाईल तो जाईलच, वर जन्मभर लंगडशील. ते मला रोज बघावं लागेल. मला नाही झेपणार.

थोरली : तो चार महिने थांबणार नाही. सत्तावीस वर्षांची एक तयार बसलीये त्याच्याकडे.

धाकटी : नाही थांबला तर नाही थांबला. रडू आपण दोघी.

थोरली : सपाट चपला आणल्यात कुठे पण?

धाकटी : या घे माझ्या. माप एकच आहे आपलं.

थोरली : आणि तू?

धाकटी : मी तुझ्या उंच घालते. मला कोण बघतंय?

मास्तर : आधी पायात घाला. हां. आता हा खडू बघा, इथे. कापू?

थोरली : कापा.

धाकटी : त्या इंजेक्शनवाल्याला येऊ नका म्हणून कळवते.

थोरली : त्याला नंतर. आधी दिग्दर्शकाला लाव. तू बोलू नकोस, फोन मला दे.

मास्तर : बोला खुशाल, पण जागच्या हलू नका. कात्री चालू आहे.

थोरली : नमस्कार. हो, येतेय ना, सातला. तुम्हाला मला चालताना बघायचं होतं. मी आज सपाट चपलांत येतेय, आणि हळू चालणार आहे. का ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.