खिडकीसमोरची नदी

दादरच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून अक्षदा डोळे मिटून बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“मोतीबिंदू काढून बघायचं काय गं? खिडकीसमोरची सिमेंटची भिंत?”

“लग्नाआधी तर मिरवत होतात, घर मिठी नदीच्या काठी आहे म्हणून!”

“तेव्हा काठ मातीचा होता. मासे होते, खंड्या पक्षी यायचा. मग भराव घातला, गटारं सोडली. गेला बिचारा.”

“परवा आला होता. पाइपावर बसला होता, निळाशार.”

“थापा! मग मला का नाही दाखवलास?”

“दाखवला की. तुम्ही म्हणालात, प्लास्टिकची पिशवी अडकलीय.”

अक्षदाला हसू आवरेना.

“अगं, डॉक्टरांना विचार ना, ऑपरेशन उद्याच जमेल का.”