वरिष्ठांच्या सहीचं पत्र

अहो, पण वरिष्ठ आणू कुठून मी? मालकाला कधी वरिष्ठ असतो का? तुम्हीच सांगा! बावीस वर्षं सोफे बनवतोय, नऊ कारागीर हाताखाली, आणि कॉलेजात मला म्हणतात... थांबा, नीट सांगतो. मी चिडलेलो नाही. शांत आहे मी.

तर, उद्योजकतेची पदवी घ्यायची होती. बी.कॉम. झालं न झालं तोच वडील आजारी पडले, वर्कशॉपात बसलो, पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. फार सलतं हो! म्हटलं, आता एकदा वर्गात बसायचंच. तर म्हणे प्रवेश परीक्षा! सराव पेपर घेतला. पहिलाच प्रश्न: एक कारागीर सोफा सहा दिवसांत करतो, दुसरा तीन दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत करतील? मी लिहिलं, आठ. चूक म्हणे! उत्तर दोन! अरे, दोघांना एका सोफ्याला लावलं की निम्मा वेळ गप्पा, निम्मा वेळ भांडण, आणि वाकडे टाके उसवत बसतो मी! दोन म्हणे! पण शांत आहे मी.

मग कळलं, दहा वर्षं अनुभव असेल तर परीक्षा माफ. गेलो धावत! खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणतात, "वरिष्ठांच्या सहीचं पत्र आणा." म्हटलं, बाई, मीच मालक. "मग तुम्ही काम करता हे सांगणार कोण?" म्हटलं, कारागीर सांगतील की! "ते कनिष्ठ. तुम्ही कुठे नोकरी करत असतात ना, तर सोपं होतं बघा." उद्योजकतेच्या पदवीला... नोकरी! ओरडत नाहीये हो, आवाजच असा आहे माझा. शांत आहे मी!

घरी येऊन बायकोसमोर आदळआपट केली. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? वर्कशॉप कागदोपत्री माझ्याच नावावर आहे. मी देते सही." विसरलोच होतो हो मी! तिने पत्र लिहिलं: 'सदर गृहस्थ बावीस वर्षं माझ्या हाताखाली आहेत. काम बरं. सांगितलेलं ऐकत नाहीत.' म्हटलं, लिही बाई, काय हवं ते लिही! आणि प्रवेश मिळाला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

पण प्रवेशपत्राच्या मागच्या पानावर वरिष्ठांनी भरायचा एक रकाना होता... 'वर्गासाठी रजा मंजूर आहे काय?' सोमवारी वर्ग सुरू होताहेत, म्हणून काल बायकोला रीतसर अर्ज दिला. आज सकाळी विचारलं, काय झालं अर्जाचं?

म्हणाली, "आधी हातातला सोफा पुरा करा, मग बघू."