पडद्याला लटकलेली बाळंतीण

सेक्टर 10च्या बसथांब्यावर नीरजा बंद फोन कानाला लावून पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत होती.

“शेवंताबाई, तुमच्या बेडरूममंदी वटवाघूळ शिरलं म्हने?”

“हो ना. मी यांचं प्लँटचं हेल्मेट घातलं, झाडू घेतला अन् पलंगावर चढली. मोठी शूरवीर!”

“मारलं?”

“मारनारच होती. पन पडद्याले लटकून ते छातीशी पिलू धरून दूध पाजून राहिलं होतं. पोरगी म्हने, मम्मी, ये चिड़िया नहीं है, हमारे जैसी है.”

“मंग?”

“मंग काय, खिडकी उघडली, लाइट बंद केला अन् मीच बाहेर निघाली.”

“गेलं का ते?”

“कवाचीच गेली. पन मी अजून दार वाजवूनच आत जातो, माय.”