लाल बूटवालीचा नवा अल्बम

मुलगी : रडगाणं? बाबा, काहीतरीच काय बोलता! तिसरं गाणं नीट ऐकलंत तरी का?

बाबा : चांगलं तीन-चारदा ऐकलं. समोर बायकांचं घड्याळ होतं, आतली ती केसाइतकी बारीक स्प्रिंग बसवत होतो. माझी स्प्रिंग बसली, झाकण लागलं, चहा पिऊन झाला, तरी तुझी लाल बूटवाली आपली ‘आऽऽ’ करत बसलेलीच.

मुलगी : कुठे करते ‘आऽऽ’? अहो, ती नुसती सुटलीये त्या गाण्यात! ऐकणाऱ्याला धाप लागते.

बाबा : धाप तिला लागलीये. वय झालं तिचं. लाल बूट घालून स्टेजभर उड्या मारायची, ते दिवस संपले. आता एकेक ओळ अशी ओढते, जशी भरलेली बादली जिन्यावरून चढवतेय.

मुलगी : तुम्हाला ना, ती कधी आवडलीच नाही.

बाबा : खबरदार! तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ती बाई या घरात गातेय. तुझ्या अंगाईच्या वेळीसुद्धा तिचंच स्पॅनिश चालू असायचं. एक अक्षर कळत नाही, पण मी दाढी करताना तिचीच गाणी म्हणतो. म्हणून तर जीव तुटतो.

मुलगी : आईच्या डान्स क्लासच्या बायकांनी ग्रुपवर काय लिहिलंय ऐका. बँकवाली म्हणते, ‘पहिल्या गाण्यालाच मी ओट्याशी नाचले, दूध उतू गेलं.’ दातांची डॉक्टर म्हणते, ‘मला नाही झेपला, डोकं उठलं.’ मागच्या रांगेतली ती उंच बाई म्हणते, ‘शेवटचं गाणं ऐकून पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.’ आणि सगळ्यांनी खाली एकच विचारलंय. ‘मॅडम, तुमचं मत?’

बाबा : मग? मॅडमनी काय उत्तर दिलं?

मुलगी : अंगठा.

बाबा : नुसता अंगठा?

मुलगी : सगळ्यांना एकेक अंगठा.

बाबा : म्हणजे माझ्यासारखंच झालं. काल जेवणानंतर अख्खा अल्बम लावला तिच्याजवळ. संपल्यावर विचारलं, कसा वाटला? म्हणाली, ‘छान आहे.’

मुलगी : छान?

बाबा : छान.

मुलगी : आई ‘छान’ म्हणाली? आपल्या घरात?

बाबा : आणि नियम कुणी केलेला? तिनेच ना! नवीन अल्बम ऐकून जो नुसतं ‘छान’ म्हणेल त्याने रात्रीची भांडी घासायची. काय भावलं, काय खटकलं ते धड बोला, नाहीतर व्हा सिंककडे. मी किती वर्षं घासली असतील त्यापायी! काल ती स्वतः ‘छान’ म्हणाली, उठली, आणि मुकाट्याने घासायला लागली. चेष्टा नाही, हसू नाही. मी हातातून स्पंज काढून घेतला, तर म्हणते, ‘चालेल.’

मुलगी : काल डॉक्टरांकडे गेला होतात ना? ते काय म्हणाले?

बाबा : ते खूश आहेत. ऑपरेशन उत्तम, हृदय ठणठणीत, चाला-फिरा, हळूहळू क्लास सुरू करा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर, तिला मतं कधी येतील? त्यांना वाटलं मी गंमत करतोय. पाठीवर थाप मारून गेले.

मुलगी : बाबा, एक सांगू? रागवू नका. परवा बैठकीत जो जांभळा पडदा लागलाय ना, तो मी मुद्दाम आणला. दुकानातला सगळ्यात भयंकर होता. म्हटलं, हा बघून तरी आई खवळेल.

बाबा : अगं, मी चार दिवस भाजीत मीठ घालत नाहीये!

मुलगी : तुम्ही होय ते! मला वाटलं, तुम्हाला बीपी झालं आणि तुम्ही लपवताय!

बाबा : ती म्हणते ‘छान झालीये.’ पडद्याला काय म्हणाली?

मुलगी : ‘छान आहे.’

बाबा : हे बघ बाळा, खरं सांगतो, मला भीती वाटते. क्लासमध्ये कोसळली तेव्हा वाटली नव्हती एवढी. तेव्हा धावपळ होती. आता घरात शांतता आहे आणि मला वाटतं, दवाखान्यातून आणली ती तिच्यासारखी दिसणारी कुणी दुसरीच आहे. फार चांगली बाई आहे, पण ती माझ्याशी भांडत नाही.

मुलगी : आणि क्लासच्या हॉलचं? आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना, सकाळची वेळ ठेवणार की सोडणार ते?

बाबा : विचारलं. म्हणाली, ‘द्या कुणालाही.’ एकदा ती वेळ गेली की गेली, परत मिळायची नाही. तिलाही ते माहीत आहे. मी अजून फोन केलेला नाही. धीर होत नाही... गप्प, ती आली.

आई : अहो, चहाची वेळ होऊन गेली. चहा टाकू का?

बाबा : तू बस. मी टाकतो.

आई : चालेल.

मुलगी : आई, तूच निवाडा कर. आमचं लाल बूटवालीच्या तिसऱ्या गाण्यावरून वाजलंय.

आई : दोघांचंही बरोबर असेल.

मुलगी : असं कसं असेल? हे म्हणतात रडगाणं, मी म्हणते पाय जमिनीवर ठरत नाहीत. दोन्ही कसं बरोबर?

आई : ज्याची त्याची आवड.

बाबा : बघ. हे असं.

मुलगी : बाबा, तुम्ही ऐकलंत कशावर पण?

बाबा : तिच्या क्लासच्या टॅबवर. स्पीकर त्यालाच जोडलेला असतो ना. पिशवीतून मीच काढला, पुसला, चार्ज केला.

मुलगी : लावा तोच. आत्ता, इथे, आईसमोर. आणि मी हरले तर जांभळा पडदा माझ्या खोलीत लावीन.

बाबा : लावतो. मला काय भीती आहे?

(टॅबवर तिसरं गाणं सुरू होतं.)

मुलगी : हे... हेच आहे. पण बाबा, काहीतरी वेगळं लागतंय.

बाबा : काही वेगळं नाही. आता बघ हं, इथून ताणायला लागते. ताणते, ताणते... झोप आली की नाही?

मुलगी : माझ्या फोनवर तर... नाही, म्हणजे सकाळी मी धावत बस पकडली, कानात हे होतं, म्हणून मला तसं वाटलं असेल का?

बाबा : असेल. कबूल कर आणि मोकळी हो.

मुलगी : मुळीच नाही! अहो, इथे तर ती एका दमात चार ओळी म्हणते!

बाबा : कुठे चार? दोन म्हणताना मेटाकुटीला आलीये बिचारी!

मुलगी : चार!

बाबा : दोन!

आई : बंद करा ते.

बाबा : काय झालं गं? छातीत काही—

आई : बंद करा म्हणते ना! हे काय लावलंय?

बाबा : अल्बम. काल ऐकवला तोच.

आई : काल असाच लावला होतात?

बाबा : असाच.

आई : आणि आठवडाभर तुम्ही हे ऐकताय? असं? अहो, कान आहेत की टोप्या अडकवायच्या खुंट्या? तो ढोल ऐका. प्रत्येक ठोका पडतो आणि बसून राहतो. कुठला वादक असं वाजवेल? ऐंशीवर आहे टॅब!

मुलगी : ऐंशीवर म्हणजे?

आई : म्हणजे गाणं ऐंशी टक्के वेगाने चाललंय. नवीन स्टेप शिकवताना मी गाणं हळू करते, नाहीतर मागच्या रांगेतल्या एकमेकींवर आदळतात. सूर तोच राहतो, फक्त वेग उतरतो. शेवटच्या क्लासला हळू केलं होतं. पुन्हा शंभरावर न्यायला वाकले, आणि...

मुलगी : आणि पडलीस.

आई : हं. ते तसंच राहिलं मग.

बाबा : माझ्या लक्षातच आलं नाही गं.

आई : जन्मभर लोकांची घड्याळं लावली या माणसाने, आणि घरात गाणं मागे पडलंय ते कळेना!

बाबा : घड्याळाला काटे असतात. त्या बाईच्या गळ्याला काटे आहेत का?

आई : आणि वर मला म्हणे झोप येते! या वेगाला रेल्वेचं इंजिनसुद्धा झोपेल. द्या इकडे तो. हे असं वर सरकवायचं. आता ऐका.

बाबा : अरे... अरे बापरे! ही तर धावतेय!

मुलगी : सांगत होते ना? सांगत होते की नाही? चार ओळी! मोजा!

आई : तू उड्या मारू नकोस. तुझंही चुकतंय.

मुलगी : माझं काय चुकलं आता?

आई : तुला वाटतं आनंद आहे. कुठे आहे आनंद? नीट ऐक. ढोल घाईत आहे, पण ती घाईत नाही. ती मुद्दाम किंचित मागून येतेय. प्रत्येक वेळी. घाबरलीये ती. पुढे काय आहे ते माहीत नाही, म्हणून पाऊल चाचपून टाकतेय. पण टाकतेय. या बाईने आजवर इतकं धीट काही गायलेलं नाही.

बाबा : बोल, बोल.

आई : म्हणून काही अख्खा अल्बम डोक्यावर घेऊ नका. काल झोपेत ऐकल्यासारखं ऐकलं, तरी इतकं कळलं की चौथ्या गाण्यातला तो तरुण गायक आधी घरी पाठवायला हवा होता. गातोय की औषध गिळतोय? आणि शेवटी लहान मुलांचा कोरस! कुणाला काही सुचेनासं झालं की मुलं आणून उभी करतात. बाकी— अहो, तुमच्या डोळ्यांना काय झालं?

बाबा : वाफ. चहाची.

आई : गॅस अजून पेटवलेला नाहीये तुम्ही.

मुलगी : आई, मग तू इतके दिवस ‘छान, छान’ काय लावलं होतंस? काल का नाही ओरडलीस?

आई : ऐकतच कुठे होते? गाणं लागलं की मला ढोल ऐकूच येत नव्हता. छातीतला ठोका ऐकू यायचा. क्लासची सवय, आठपर्यंत मोजायचं. आठ झाले की वाटायचं, पुढचा येतो की नाही. तो आला की पुन्हा एकपासून. दिवसभर तेच. तुम्ही काही विचारलंत की ‘छान’ म्हणून टाकायचे, म्हणजे विषय संपतो आणि मोजणं तुटत नाही.

बाबा : अगं, मला सांगायचंस.

आई : काय सांगणार? डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित. मी म्हणायचं, मला भीती वाटते? पन्नास बायकांना नाचवणाऱ्या बाईने?

बाबा : म्हणायचं. मलाही वाटत होती. दोघं मिळून घाबरलो असतो.

मुलगी : आणि आत्ता, आई? आत्ताही मोजतेयस?

आई : तुम्ही दोन का चार म्हणून कोकलत होतात, त्यात माझा आकडा चुकला. तेवढ्यात तो ढोल कानावर पडला. असा राग आला मला! आणि मग... राहिलंच की. मोजायचं राहिलंच.

बाबा : राहू दे. राहू दे ते.

आई : हॉलला फोन केलात?

बाबा : नाही.

आई : बरं केलंत. वेळ सोडायची नाही म्हणून सांगा. पहिले काही दिवस मी खुर्चीवर बसून शिकवीन, ओरडायला काही उभं राहावं लागत नाही. आणि हो, भाजीत मीठ घालत जा. आणि तो पडदा कुणी आणला? डोळे फुटायची पाळी आली.

मुलगी : तुला दिसत होता तो?

आई : बाई गं, पलीकडच्या गल्लीतून दिसत असेल तो!

बाबा : मला एक सांगू दे. आता बरोबर वेगात ऐकूनही माझं मत तेच आहे. पूर्वीची लाल बूटवाली वेगळीच होती.

आई : काय कळतं तुम्हाला? पूर्वी ती नुसती नाचायची.

बाबा : आणि आता?

आई : सांगते नंतर. पाचवं लावा. आणि दोघंही गप्प बसा जरा, मला ऐकायचंय.